बडोद्यातला एक खांदा आणि झोपेतून उठलेलं जनुक

पेशंट एकतीस वर्षांच्या, माध्यमिक शाळेत गणित शिकवणाऱ्या. माहेर रावपुऱ्यातलं, सासर मांजलपूरला. केसपेपरवर तक्रार एका ओळीत मावली होती: उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, डावाही आता जड वाटतो. हातातली फाइल मात्र चांगली जाडजूड. हाडांचे डॉक्टर, फिजिओथेरपी, रक्ताचे रिपोर्ट, बायोप्सी, स्टिरॉइड, आणि सगळ्यात खाली दोन वेगवेगळ्या लॅबचे जनुकीय रिपोर्ट. माझ्याकडे त्या जनुकीय समुपदेशनासाठी आल्या होत्या आणि प्रश्न घरून ठरवून आणला होता. "आम्हाला मूल हवंय. हे जे काही आहे, ते त्याला होईल का?"

उत्तर द्यायचं तर आधी "हे जे काही आहे" त्याला नाव हवं. फाइलमध्ये तीन नावं होती आणि तिन्हींनी काम भागत नव्हतं.

फाइल काय सांगत होती

सुरुवात नवरात्रातली. गरब्यात डोक्यावर नेऊन वाजवायची टाळी छातीशीच अडू लागली. मैत्रिणींना वाटलं, शाळेतून दमून येते बिचारी. मग वर्गातल्या मुलांच्या लक्षात आलं की बाई फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागावर लिहीतच नाहीत. पहिलं निदान झालं फ्रोझन शोल्डरचं. शेक, व्यायाम, सांध्यात इंजेक्शन, सगळं झालं. पण फ्रोझन शोल्डरमध्ये दुसऱ्याने हात उचलला तरी सांधा अडतो आणि माणूस कळवळतो. इथे नवऱ्याने हात धरून वर नेला की तो सहज कानाला लागत होता. म्हणजे सांधा मोकळा होता, उचलणारी ताकदच नव्हती. एवढी एक गोष्ट वेळेवर पाहिली असती तर फाइल निम्मी झाली असती.

पुढे रक्तातलं सीके तपासलं. हे एन्झाइम स्नायूंची मोडतोड झाली की रक्तात वाढतं. आकडा चारशेच्या घरात होता, म्हणजे थोडा वाढलेला, फार नाही. बायोप्सीत स्नायूच्या तंतूंमध्ये दाहाच्या पेशी दिसल्या आणि दुसरं नाव पडलं: पॉलिमायोसायटिस, म्हणजे स्नायूंचा दाह. स्टिरॉइड सुरू झालं. वजन वाढलं, साखर वाढली, चेहरा सुजल्यासारखा झाला, हात होता तिथेच राहिला. पॅथॉलॉजिस्टने जे पाहिलं ते खरंच होतं. काही आनुवंशिक स्नायुविकारांत असा दाह दिसतो आणि त्या यादीत ठळकपणे जो आजार आहे, त्याचाच हा पेशंट होता.

तिसरं नाव प्रश्नचिन्हासह होतं: "लिंब-गर्डल मस्क्युलर डिस्ट्रॉफी?" म्हणजे खांदे आणि कमरेभोवतीचे स्नायू कमजोर करणारा आनुवंशिक आजार. त्यासाठी एक्झोम तपासणी केली. एक्झोम म्हणजे डीएनएमधला प्रथिनांच्या कृती लिहिलेला भाग तेवढा वाचायचा. लिंब-गर्डलची नेहमीची जनुकं कोरी निघाली. शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक टाइपात, एक ओळ होती: एसएमसीएचडी१ या जनुकात एका अमिनो आम्लाचा बदल, "अर्थ अनिश्चित". दुसऱ्या लॅबने कुणाच्या तरी सांगण्यावरून चौथ्या गुणसूत्राची एक खास तपासणी केली होती. तिचा निष्कर्ष: "डी४झी४ची १४ आवर्तनं, एफएसएचडी टाइप १ नाही."

दोन्ही लॅबनी आपापल्यापुरतं बरोबर लिहिलं होतं. एक्झोमवाल्यांना आवर्तनांचा आकडा माहीत नव्हता, आवर्तनं मोजणाऱ्यांना एसएमसीएचडी१ची ओळ माहीत नव्हती. दोन्ही कागद एकाच प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, मध्ये सोनोग्राफीचा एक निरुपद्रवी रिपोर्ट, असे महिनोन्महिने शेजारी पडून होते.

चेहरा, पोट, चप्पल

कागद बाजूला ठेवून मी पेशंटकडे पाहिलं. डोळे घट्ट मिटायला सांगितलं तर पापण्यांचे केस पूर्ण आत गेले नाहीत, बाहेरच राहिले. गाल फुगवायला सांगितले. एका बोटाने हलकेच दाबलं तर ओठांच्या कोपऱ्यातून फुस्सकन हवा सुटली. तेव्हा सोबत आलेल्या आईला आठवलं, "गणपतीत आरतीनंतर शंख हीच वाजवायची हो, मॅडम. कॉलेजात जायला लागली तशी म्हणायला लागली, वाजत नाही, नुसती हवाच जाते. आम्ही म्हटलं, मोठी झाली, लाजत असेल." नवऱ्यानेही भर घातली की झोपेत हिचे डोळे थोडे उघडे राहतात, लग्न झालं तेव्हा त्याला भीतीच वाटली होती.

हात पुढे करून उचलायला सांगितलं की उजवं खवाट, म्हणजे खांद्याचं पातं, पाठीपासून सुटून बाहेर येत होतं आणि वरच्या बाजूला सरकत होतं. दंड बारीक झालेला, पण खांद्याची गोलाई देणारा डेल्टॉइड स्नायू बऱ्यापैकी शाबूत. उताणं झोपवून फक्त मान उचलायला सांगितली, तर बेंबी चांगली दोन बोटं वर, छातीकडे सरकली. पोटाचे खालचे स्नायू कमजोर आणि वरचे त्यामानाने ठीक असले की असं होतं. याला बीव्हरची खूण म्हणतात. डोळ्यांसमोर बेंबी सरकताना पाहिली की विसरता येत नाही. उजव्या पायाची चप्पल पुढच्या टोकाला झिजली होती, कारण पाऊल नीट उचललं जात नव्हतं. प्रत्येक ठिकाणी उजवी बाजू डावीपेक्षा वाईट.

चेहरा, खवाट, दंड, आणि दोन बाजूंत फरक. या आजाराचं नावच त्या अवयवांवरून पडलंय: फॅसिओस्कॅप्युलोह्युमरल मस्क्युलर डिस्ट्रॉफी, सगळे म्हणतात एफएसएचडी. लांदुझी आणि देजरीन या फ्रेंच डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात त्याचं वर्णन केलं. आठ ते वीस हजार माणसांत एकाला होतो, म्हणजे स्नायूंच्या आनुवंशिक आजारांत हा काही दुर्मिळातला दुर्मिळ नाही.

मग लॅबने "नाही" का लिहिलं? लॅबने "टाइप १ नाही" लिहिलं होतं. मधला "टाइप १" सगळ्यांनी वाचताना गाळला.

आवर्तनं कमी, आजार जास्त

चौथ्या गुणसूत्राच्या लांब भुजेच्या अगदी टोकाशी सुमारे ३,३०० अक्षरांचा एक मजकूर एकामागून एक पुन्हा पुन्हा लिहिलेला आहे. त्याला डी४झी४ म्हणतात. निरोगी माणसात ही आवर्तनं अकरापासून शंभरापर्यंत असतात. टाइप १च्या पेशंटमध्ये एक ते दहा. आवर्तनांचे बाकीचे प्रसिद्ध आजार उलट चालतात. फ्रॅजाइल एक्समध्ये तीन अक्षरांचा तुकडा दोनशेपेक्षा जास्त वेळा आला की त्याच्या वजनाने ते जनुकच बंद पडतं. इथे मात्र कमी झाली की पंचाईत. या उलट्या हिशोबाने संशोधकांना बरीच वर्षं चकवलं.

कारण असं की डी४झी४च्या प्रत्येक आवर्तनात एक जनुक लपलेलं आहे, डक्स४. हे काही निकामी अडगळ नाही. माणसाचा गर्भ चार पेशींचा असतो तेव्हा डक्स४ काही काळ जागं होतं आणि गर्भाची स्वतःची जनुकं सुरू करून द्यायला मदत करतं. २०१७मध्ये तीन संशोधनांनी हे एकाच सुमारास दाखवलं. ते काम झालं की त्याला बंद व्हायचं असतं. गणपती गेले की मखर सोडवून, जुन्या चादरीत बांधून माळ्यावर टाकतात, तसं डक्स४ बांधून ठेवलं जातं. फरक एवढाच की स्नायूच्या पेशीत ते पुढच्या वर्षी काढायचं नसतं, कधीच काढायचं नसतं. काढलं तर ते तिथे चार पेशींच्या गर्भाचा कार्यक्रम सुरू करतं: भलतीच जनुकं, एरवी गप्प असलेले जुने विषाणूजन्य तुकडे, सगळे बोलायला लागतात आणि स्नायूची पेशी मरते.

आवर्तनं भरपूर असली की पेशीची यंत्रणा त्या भागाला ओळखते आणि घट्ट आवळून बंद करते. दहा किंवा त्याहून कमी झाली की ती पकड सैल पडते. पण सैल पडलेल्या प्रत्येकाला आजार होत नाही. २०१०मध्ये लेमर्स आणि सहकाऱ्यांनी याचं कारण दाखवलं. चौथ्या गुणसूत्राच्या टोकाचे दोन प्रकार असतात, ४क्यूए आणि ४क्यूबी. डक्स४चा आरएनए, म्हणजे प्रथिन बनवायला काढलेली जनुकाची नक्कल, टिकायला शेवटी एक खूण लागते आणि ती फक्त ४क्यूएवर असते. ४क्यूबीवर जनुक उघडलं तरी त्याचा आरएनए लगेच मोडतो, प्रथिन बनत नाही. दहाव्या गुणसूत्रावरही जवळजवळ हीच आवर्तनं आहेत, पण तिथेही ही खूण चालत नाही. बिचारं दहावं गुणसूत्र उगाच संशयात अडकतं आणि लॅबला त्याला वेगळं काढायचे वेगळे कष्ट पडतात.

आमच्या पेशंटकडे ४क्यूए होतं, आवर्तनं चौदा. टाइप १ नाहीच. तरी आजार समोर बसलेला. अशा वेळी डीएनएच्या मजकुराकडून नजर काढून तो आवळून धरणाऱ्या प्रथिनांकडे वळवावी लागते.

आवळणारे हात

एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो आणि तो ज्या केंद्रकात राहतो ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं असतं, बरेचदा त्याहून लहान. तेव्हा गुंडाळणं आलंच. आठ हिस्टोन प्रथिनांच्या एका गठ्ठ्याभोवती डीएनएची १४७ अक्षरं पावणेदोन वेढ्यांच्या आसपास गुंडाळली जातात, हा न्यूक्लिओसोम. डीएनए आणि प्रथिनं मिळून जे बनतं ते क्रोमॅटिन. काही भाग सैल आणि वाचता येण्याजोगे, काही दाट आणि बंद. एमिल हाइट्झ या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२८मध्ये शेवाळांच्या पेशी रंगवून पाहिल्या तेव्हा काही भाग सतत गडद राहिलेले दिसले. त्याने त्यांना हेटेरोक्रोमॅटिन म्हटलं.

दाट भाग नुसता दाट नसतो, शेजाऱ्यालाही गप्प करतो, हे कळलं फळमाशीच्या डोळ्यांतून. १९३०मध्ये हर्मन म्युलरने क्ष-किरणांनी माशांची गुणसूत्रं तोडली-जोडली. लाल रंग देणारं जनुक तुटून हेटेरोक्रोमॅटिनच्या शेजारी जाऊन बसलं की डोळा चट्ट्यापट्ट्यांचा व्हायचा: काही पेशी लाल, काही पांढऱ्या. जनुक सगळ्या पेशींत तेच आणि धडधाकट. काही पेशींत दाटपणा पसरून त्याच्यावर गेला, काहींत गेला नाही. पुढे संशोधकांनी अशा माशा शोधल्या ज्यांच्यात हे चट्टे कमी होतात आणि डोळा पुन्हा लाल होतो. अशा माशांत बिघाड होता तो आवळणाऱ्या यंत्रणेतच. या एका साध्या युक्तीतून आवळणाऱ्या प्रथिनांची यादीच हाती लागली. मला विचाराल तर जीवशास्त्रातल्या सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भारी युक्त्यांपैकी ही एक.

त्या यादीतलं एक प्रथिन एचपी१. सारा एल्गिन यांच्या प्रयोगशाळेने १९८६मध्ये ते माशीच्या हेटेरोक्रोमॅटिनवर बसलेलं दाखवलं. दुसऱ्याचा माणसातला भाऊ एसयूव्ही३९एच१. थॉमस येनुवाइन यांच्या गटाने २०००मध्ये त्याचं काम उघड केलं: एच३ नावाच्या हिस्टोनच्या शेपटीवर नवव्या जागी लायसिन असतं, त्यावर हे एन्झाइम मेथिल गट, म्हणजे एक छोटीशी रासायनिक खूण, चिकटवतं. पुढच्याच वर्षी कळलं की एचपी१ नेमकी तीच मेथिलची खूण ओळखून तिथे बसतं. एक एचपी१ दुसऱ्याला धरतं, त्यामुळे दोन न्यूक्लिओसोम जवळ ओढले जातात. वर ते एसयूव्ही३९एच१लाही बोलावून घेतं. ते येऊन शेजारच्या न्यूक्लिओसोमवर खूण करतं, तिथे नवं एचपी१ बसतं, आणि असं करत दाटपणा पुढे सरकतो. डीएनएवरही मेथिल गट लावले जातात, ते काम डीएनएमटी कुळातल्या प्रथिनांचं. २०१७पासून एचपी१ केंद्रकात तेलाच्या थेंबासारखं वेगळं होऊन दाट भाग बनवतं अशीही मांडणी आहे; ती दिसायला सुंदर, पण सगळ्यांना पटलेली नाही आणि या केसला तिची गरजही नाही.

गरज आहे ती याची: २००९मध्ये दिसलं की एफएसएचडीच्या पेशंटमध्ये, टाइप १ असो वा पुढे येणारा टाइप २, डी४झी४वरची ती नवव्या लायसिनची खूण पुसट झालेली असते आणि तिच्याबरोबर एचपी१ आणि कोहेसिन नावाचं बांधणारं प्रथिनही तिथून गळालेले असतात.

एसएमसीएचडी१

आता बारीक टाइपातली ती ओळ. हे प्रथिन सापडलं उंदरांत आणि सापडायची पद्धत थेट म्युलरच्या वळणाची. ऑस्ट्रेलियात एमा व्हाइटलॉ यांच्या गटाने असे उंदीर घेतले ज्यांच्या काहीच तांबड्या रक्तपेशी हिरव्या चमकतात आणि बाकीच्यांत ते जनुक गप्प असतं. मग ज्यांच्यात हे प्रमाण बिघडतं असे उंदीर शोधून काढले. त्यातल्या एकात बिघडलेलं जनुक होतं एसएमसीएचडी१. मार्नी ब्लेविट यांनी ते २००८मध्ये मांडलं. दोन्ही प्रती बिघडलेली मादी पिल्लं गर्भातच मरत होती, कारण त्यांना दोनपैकी एक एक्स गुणसूत्र बंद ठेवता येत नव्हतं.

बाईच्या प्रत्येक पेशीत एक एक्स आवळून बंद केलेला असतो. केंद्रकाच्या कडेला दिसणारा तो गडद ठिपका म्हणजे बार बॉडी, बार आणि बर्ट्राम यांनी १९४९मध्ये मांजरीच्या चेतापेशींत पाहिलेला. हा ठिपका दाट कसा होतो? बंद एक्सवर दोन प्रकारचे पट्टे असतात. एका प्रकारावर एचपी१, दुसऱ्यावर झिस्ट नावाच्या आरएनएचा पसारा आणि वेगळी मेथिल खूण. २०१३मध्ये एका जपानी गटाने दाखवलं की एसएमसीएचडी१ आणि एचबीआयएक्स१ या प्रथिनांची जोडी या दोन प्रकारच्या पट्ट्यांना एकत्र बांधते. जोडी काढून घेतली की बार बॉडी सैलावते. खुणा जागच्या जागी असूनही.

एसएमसीएचडी१ सुमारे दोन हजार अमिनो आम्लांचं मोठं प्रथिन आहे. एका टोकाला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळणारा भाग, दुसऱ्या टोकाला बिजागरीसारखा भाग, जो डीएनए-आरएनए धरतो आणि दोन रेणूंची जोडी जमवतो. कोहेसिन आणि कन्डेन्सिन, म्हणजे गुणसूत्रांना वेढून बांधणारी प्रथिनं, यांच्या घराण्यातलं हे दूरचं नातेवाईक. २०१२मध्ये लेमर्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्यांची आवर्तनं दहापेक्षा जास्त आहेत तरी एफएसएचडी आहे, अशा बहुतेक कुटुंबांत एसएमसीएचडी१ची एक प्रत बिघडलेली असते. हा टाइप २, एकूण पेशंटपैकी साधारण पाच टक्के. उरलेल्या काही थोड्या कुटुंबांत डीएनएमटी३बी निघालं, आणि २०२०मध्ये एका पेशंटमध्ये एलआरआयएफ१ निघालं. एलआरआयएफ१ हे एचबीआयएक्स१चंच दुसरं नाव. एक्स बांधणारी जोडी आणि डक्स४ बांधणारी जोडी एकच.

तरीही "एसएमसीएचडी१मध्ये बदल आहे" एवढ्यावर निदान करायचं नसतं. याच जनुकातले काही वेगळे बदल घेऊन जन्मलेल्या बाळांना नाकच नसतं. बोस्मा सिंड्रोम, २०१७मध्ये उलगडलेला. काही बदल अगदीच निरुपद्रवी. म्हणून लॅबने "अर्थ अनिश्चित" लिहिलं ते योग्यच होतं.

गाठ सैल आहे का ते बघायचं

अनिश्चित बदलाचा अर्थ लावायची एक सरळ वाट होती. प्रथिन खरंच काम करत नसेल तर डी४झी४वरचं डीएनए मेथिलेशन, म्हणजे डीएनएवरच्या मेथिल गटांचं प्रमाण, घसरलेलं असणार, आणि टाइप २मध्ये ते फक्त आजारी गुणसूत्रावर घसरत नाही, दोन्ही चौथ्या आणि दोन्ही दहाव्या गुणसूत्रांवर घसरतं, कारण बिघाड आवळणाऱ्यात आहे. टाइप १मध्ये तसं नसतं, तिथे फक्त आखूड झालेल्या आवर्तनांवर घसरण दिसते. रक्ताचा नमुना बाहेरगावी पाठवला. मेथिलेशन आलं ते संदर्भ मर्यादेच्या निम्म्याच्याही खाली.

आई, बाबा आणि मोठा भाऊ यांचेही नमुने घेतले होते. आईकडे एसएमसीएचडी१चा तोच बदल, मेथिलेशन तसंच घसरलेलं, आणि खांदा, चेहरा, पाय सगळं ठणठणीत. सत्तावन्नाव्या वर्षी माळ्यावरचे डबे स्वतः काढतात. त्यांची दोन्ही चौथी गुणसूत्रं ४क्यूबी. गाठ सैल आहे, पण उघडलेल्या जनुकाचा आरएनए टिकतच नाही. बाबांकडे बदल नाही, मेथिलेशन उत्तम, मात्र एक गुणसूत्र ४क्यूए, १४ आवर्तनांचं. धोक्याचं जनुक त्यांच्याकडे आयुष्यभर आहे आणि आयुष्यभर घट्ट बांधलेलं आहे. मुलीच्या वाट्याला आईची सैल गाठ आणि बाबांचं ४क्यूए, दोन्ही आले. निरोगी आई, निरोगी बाबा, आणि आजारी मुलगी, तेही नात्यात लग्न नसताना.

मोठा भाऊ या केसमधला सगळ्यात बोलका माणूस. पस्तिशीचा, लहानपणापासून मल्लखांबाचा नाद, अजूनही सकाळी व्यायामशाळेत जातो. त्याच्याकडे आईचा बदल आहे. मेथिलेशन बहिणीइतकंच घसरलेलं, दोघांचे आकडे शेजारी ठेवले तर फरक करता येणार नाही. पण बाबांकडून त्याला ४क्यूबी आलं. त्याच्या स्नायूंत आवळणाऱ्या प्रथिनाची तीच कमतरता आहे आणि तो दोरीच्या मल्लखांबावर उलटा लटकतो. टाइप २ला दोन बिघाड का लागतात, हे मी कितीतरी वेळा कागदावर आकृती काढून समजावलंय. या भावंडांइतकं ते कधी स्पष्ट झालं नव्हतं.

उजवी बाजू डावीपेक्षा वाईट का, हे पेशंटने विचारलं होतं. पेशंटच्या स्नायूपेशी प्रयोगशाळेत वाढवल्या तर एका वेळी हजारात एखाद्याच केंद्रकात डक्स४ जागं सापडतं. सैल गाठ म्हणजे सतत उघडी गाठ नव्हे. इथे एक सुटते, तिथे एक सुटते. म्युलरच्या माशीचा डोळा जसा चट्ट्यापट्ट्यांचा, तसाच हा प्रकार स्नायूंत चालतो, असं मी त्यांना सांगते. ज्या केंद्रकात सुटली तिथलं विषारी प्रथिन एकाच लांब तंतूतल्या शेजारच्या केंद्रकांतही पोचतं, म्हणून थोड्याशा जागांवरून एवढं नुकसान होतं.

आता काय

स्टिरॉइड स्नायूच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू बंद झालं. एफएसएचडीत त्याने ताकद वाढत नाही हे १९९०च्या दशकातच तपासून झालंय. आजार थांबवणारं औषध आजच्या तारखेला नाही. लोस्मापिमॉड या गोळीकडून मोठी आशा होती, पण २०२४मध्ये तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ती मुख्य निकषावर अपयशी ठरली. डक्स४च्या आरएनएवरच नेम धरणारी इंजेक्शनं माणसांवरच्या चाचण्यांत आहेत, आणि काही प्रयोगशाळा उरलेल्या एका प्रतीतून एसएमसीएचडी१चं काम वाढवता येईल का ते बघताहेत. मला स्वतःला ही दुसरी वाट जास्त पटते, पण तिला वेळ लागेल आणि पेशंटला खोटी तारीख द्यायची नसते.

तोवर करायच्या गोष्टी साध्या आहेत. दमछाक न होईल असा नियमित चालण्याचा किंवा सायकलचा व्यायाम, पावलाला हलकी पट्टी, रात्री डोळ्यांत मलम, वर्षातून एकदा श्वासाची तपासणी, एकदा कान आणि डोळ्याचा पडदा. खवाट बरगड्यांना बांधायची शस्त्रक्रिया असते. डेल्टॉइड चांगला असलेल्यांना तिचा उपयोग होतो आणि यांचा चांगला आहे, त्यामुळे तो पर्याय उघडा ठेवलाय. पेशंटपैकी साधारण पाचातल्या एकाला पुढे व्हीलचेअर लागते. हा आकडा त्यांनी स्वतः विचारला म्हणून सांगितला. शाळेने फळा खाली घेऊन दिला, हे मात्र कुणाच्या प्रिस्क्रिप्शनवर नव्हतं.

मूळ प्रश्नाचं उत्तर गणिताच्या बाईंनी माझ्याआधी काढलं. एसएमसीएचडी१ अठराव्या गुणसूत्रावर, डी४झी४ चौथ्यावर, दोन्ही स्वतंत्र वाटले जातात. बदल जाण्याची शक्यता निम्मी, १४ आवर्तनांचं ४क्यूए जाण्याची निम्मी, दोन्ही एकत्र जाण्याची पाव. मी त्यात एक दुरुस्ती सुचवली: जावईबापूंचंही चौथं गुणसूत्र बघायला हवं. ४क्यूए हा काही दुर्मिळ प्रकार नाही, कितीतरी निरोगी माणसांत असतो, आणि बाळाला आईकडून बदल आणि वडिलांकडून वीसच्या आतलं ४क्यूए मिळालं तर हिशोब बदलतो. त्यांचं आलं: एक ४क्यूबी आणि एक तीसच्या वर आवर्तनांचं ४क्यूए. एवढ्या लांब पट्ट्यावर धोका फार कमी. म्हणजे पावच धरायचा. गर्भधारणेनंतर किंवा आयव्हीएफ करून आधीच तपासायची सोय आहे, पण दोन्ही बिघाड असलेल्या बाळाला आजार किती तीव्र होईल हे त्यातून कळत नाही, हेही सांगितलं. एकाच घरात एक जण चाळिशीत फक्त शिट्टी वाजवू शकत नाही आणि दुसऱ्याला काठी लागते. दोघांनी विचाराला वेळ मागून घेतला आहे.

आई मात्र रिपोर्ट ऐकून गप्प झाल्या. "म्हणजे माझ्यामुळे," एवढंच म्हणाल्या. बाबा लगेच म्हणाले, "आणि माझं ते चौदाचं?" घरातल्या वादात बाबा इतक्या तत्परतेने आपली चूक कबूल करतात असं नाही, असं मुलीच्या चेहऱ्यावरून दिसलं.

राहता राहिला भाऊ. त्याच्यासाठी स्थळं बघताहेत. त्याला आजार होणार नाही, पण बदल त्याच्या निम्म्या मुलांना जाऊ शकतो आणि होणारी बायको वीसच्या आतलं ४क्यूए घेऊन आली तर ती मुलं आत्याच्या वाटेने जाऊ शकतात. लग्नाआधी मुलीकडच्यांना काय सांगायचं हे त्याने आणि आई-बाबांनी ठरवायचं आहे. माझ्याकडून त्याला लेखी दिलंय ते एवढंच: मूल होऊ देण्याचा विचार सुरू झाला की दोघांनी मिळून यावं, पत्नीच्या चौथ्या गुणसूत्राची दोन्ही टोकं आणि आवर्तनं तपासावीत, आणि येताना हे सगळे कागद एकाच फाइलमध्ये, एकमेकांना लावून आणावेत.